विश्लेषण : कमी बजेटच्या रेस कारसाठी रोल केज कसा निवडावा? पैसे कुठे वाचवता येतात, कुठे नाही?

छत्रपती संभाजीनगर हे वाहन उद्योगाचे शहर. वाळूजमध्ये १९८५ पासून बजाज ऑटो आणि शेंद्र्यात २००१ पासून स्कोडा आहे. या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या असंख्य छोट्या वर्कशॉपमध्ये पाइप कापणारे, वाकवणारे आणि जोडणारे कुशल कारागीर आहेत. त्यामुळे जुनी हॅचबॅक घेऊन हौशी शर्यतीत उतरू पाहणाऱ्या तरुणाला एक सल्ला हमखास मिळतो : ‘रोल केज बाहेरून कशाला घेतोस? पाइप इथे मिळतो, वेल्डर ओळखीचा आहे, आठवड्यात करून टाकू.’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. केज इथे नक्कीच तयार होऊ शकतो. मात्र चुकीच्या ठिकाणी काटकसर केली, तर गाडी तांत्रिक तपासणीतच बाद होते आणि तपासणीतून निसटली तर धोका थेट चालकाच्या डोक्यावर येतो.

रोल केज म्हणजे नेमके काय?

गाडीच्या आत, चालकाभोवती उभारलेला पोलादी पाइपांचा सांगाडा म्हणजे रोल केज. गाडी उलटली तर छत खाली दबू नये, बाजूने धडक बसली तर दरवाजा आत येऊ नये आणि चालकाभोवतीची जागा शाबूत राहावी, हे त्याचे काम.

त्याचे मुख्य भाग मोजकेच. चालकाच्या आसनामागे एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जाणारी कमान म्हणजे मेन हूप. समोरच्या काचेच्या कडेने जाणारी कमान म्हणजे फ्रंट हूप. दोन्हींना छताजवळ जोडणारे आडवे पाइप, मेन हूपपासून मागे उतरणारे दोन तिरके आधार, मेन हूपमधील कर्णरेषेतला पाइप आणि दोन्ही दरवाजांतील आडवे पाइप. कर्णरेषेतला पाइप किरकोळ वाटतो, पण तो नसला तर धडकेत चौकोन सहज तिरका होतो. त्रिकोणाचे तसे होत नाही, म्हणून केजमध्ये जिथे तिथे त्रिकोण दिसतात.

थार किंवा जिप्सीवर शोभेसाठी लावलेला चकचकीत स्टेनलेस पाइप म्हणजे रोल केज नव्हे. त्याच्यावर अपघाताचा भार येणार, असे गृहीत धरून तो बनवलेलाच नसतो.

निवड कुठून सुरू करायची?

पाइपाच्या दुकानातून नव्हे, नियमपुस्तकापासून. ज्या स्पर्धेत उतरायचे आहे तिचे त्या वर्षीचे नियम आधी मिळवावेत. रॅली, सर्किट रेसिंग, ऑटोक्रॉस, टाइम अटॅक यांच्या अपेक्षा वेगवेगळ्या असतात. भारतात अधिकृत मोटरस्पोर्टचे नियमन एफएमएससीआय ही संघटना करते आणि ती ‘फिआ’ या जागतिक संघटनेशी संलग्न आहे. केजबाबतचा पायाभूत मजकूर फिआच्या परिशिष्ट ‘जे’मधील कलम २५३ मध्ये आहे.

त्यानुसार केज तीन मार्गांनी मान्य होतो. पहिला, कलमात दिलेल्या आकृत्या, मापे आणि साहित्य तंतोतंत पाळून बनवलेला. दुसरा, देशाच्या संघटनेने प्रमाणित केलेला. तिसरा, फिआने मान्यता दिलेला. कमी बजेटवाल्यासाठी पहिला मार्ग सर्वात व्यवहार्य. स्वतःचा वेगळा आराखडा वापरायचा तर ताकद सिद्ध करावी लागते आणि ती परीक्षा कठीण आहे. मेन हूपवर गाडीचे वजन अधिक १५० किलो, या बेरजेच्या साडेसातपट भार टाकला जातो. समजा गाडी ८०० किलोची आहे, तर हा भार सात टनांहून जास्त होतो. तेवढ्या भाराखाली मेन हूप ५० मिलिमीटरपेक्षा जास्त दबता कामा नये.

म्हणूनच ‘मी मनाने दोन पाइप जास्त टाकले आहेत’ या युक्तिवादाला तपासणीत अर्थ नसतो. प्रमाणित केजमध्ये नंतर केलेला बदलही चालत नाही.

पाइप कोणता घ्यावा?

फिआच्या मूलभूत नियमानुसार पाइप कोल्ड ड्रॉन सीमलेस, साध्या कार्बन पोलादाचा आणि किमान ३५० मेगापास्कल ताणशक्तीचा हवा. मेन हूपसाठी किमान माप ४५ मिमी बाहेरील व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी व्यास आणि २ मिमी जाडी. इतर बहुतेक भागांसाठी ३८ मिमी व २.५ मिमी, किंवा ४० मिमी व २ मिमी.

बाजारात सहज मिळतो तो ईआरडब्ल्यू पाइप. पत्र्याची पट्टी गोल वळवून तिचा सांधा लांबीभर जोडलेला असतो. शेड, ग्रिल, फर्निचरसाठी तो उत्तम. पण या नियमांखालच्या केजला तो चालत नाही. जीआय पाइप तर नकोच. वेल्डिंग करताना त्यावरील जस्ताचा विषारी धूर होतो आणि जोडात छिद्रे राहतात.

यातली बचत किती, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. समजा एका छोट्या कारच्या केजला ४५ मिमीचा ५ मीटर आणि ३८ मिमीचा १५ मीटर पाइप लागला. २.५ मिमी जाडीत पहिल्याचे वजन मीटरला सुमारे २.६ किलो, दुसऱ्याचे २.२ किलो. म्हणजे एकूण पाइप ४६ किलोच्या आसपास. सीमलेस आणि साध्या पाइपात किलोमागे शंभर रुपयांचा फरक धरला, तरी संपूर्ण गाडीत ४,६०० रुपये वाचतील. त्या पैशांत टायरचा एक चांगला सेटही येत नाही.

पाइप घेताना मिल टेस्ट सर्टिफिकेट मागावे आणि त्यावरचा हीट नंबर पाइपावरच्या खुणेशी जुळवून पाहावा. शंका असेल तर तुकडा कापून धातू चाचणी प्रयोगशाळेत द्यावा. वाळूजमधील मराठवाडा ऑटो क्लस्टरसारख्या सामायिक सुविधा केंद्रांमुळे या शहरात अशा चाचणीसाठी फार लांब जावे लागत नाही.

‘दीड इंची पाइप’ म्हणजे किती?

इथे अनेकांची फसगत होते. ३८ मिमी म्हणजे दीड इंच. पण पाइपाच्या दुकानात नुसते ‘दीड इंची’ मागितले, तर पाण्याच्या किंवा वाफेच्या लाइनचा पाइप मिळू शकतो. त्या पाइपाचे माप ‘नॉमिनल बोअर’ने सांगतात आणि दीड इंची पाइपाचा बाहेरील व्यास प्रत्यक्षात ४८.३ मिमी असतो. शेड्यूल ४० मध्ये त्याची जाडी ३.६८ मिमी आणि वजन मीटरला चार किलोंच्या वर.

वरच्या उदाहरणातला २० मीटरचा केज याच पाइपात केला तर ८१ किलोंचा होईल, म्हणजे ३५ किलो जादा. त्यातला बराचसा भाग छताजवळ असल्याने गाडीचा गुरुत्वमध्यही वर सरकतो. उलटण्यापासून वाचण्यासाठी बसवलेला सांगाडाच गाडीला उलटण्याच्या जवळ नेतो. म्हणून मागणी नेहमी ‘बाहेरील व्यास अमुक मिमी, जाडी तमुक मिमी, सीडीएस ट्यूब’ अशीच करावी आणि दुकानातच व्हर्नियर लावून पाहावा.

‘बाहा’चा अनुभव कारसाठी पुरतो का?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना रोल केजची पहिली ओळख होते ती बहुधा ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धेतून. २००७ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत विद्यार्थी एक आसनी ऑफ रोड बग्गी स्वतः बनवतात. मध्य प्रदेशात पिथमपूरच्या नॅट्रॅक्स केंद्रात ती होत आली आहे. पाइपाचे प्रमाणपत्र, वेल्डिंगच्या नमुन्यांची तोडून केलेली चाचणी, हेल्मेट आणि केजमधले अंतर मोजणे, ही शिस्त मुले तिथे शिकतात. ती अनमोल आहे.

पण तिथली मापे कारला लावू नयेत. बाहाच्या नियमात मुख्य पाइपाचे आधारभूत माप २५.४ मिमी व्यास आणि ३ मिमी जाडी असे आहे. ती बग्गी हलकी, इंजिन दहा अश्वशक्तीच्या आसपासचे आणि वेग मर्यादित. ४५ मिमी बाय २.५ मिमीचा पाइप त्याच्या तुलनेत मीटरला दीडपटीपेक्षा थोडा जास्त जड असतो, पण वाकण्याला साडेपाच पट अधिक विरोध करतो. पाइपाची ताठरता जाडीपेक्षा व्यासाने फार वेगाने वाढते. ‘पाइप जाड आहे ना, मग झाले’ हा समज इथेच चुकतो.

क्रोमोलीवर जादा खर्च करावा का?

बाहाचे संघ अनेकदा ४१३० क्रोमोली पोलाद वापरतात. या पोलादाची ताणशक्ती जास्त असल्याने व्यास किंचित वाढवून जाडी कमी करता येते. २९.२ मिमी बाय १.६५ मिमीचा पाइप २५.४ बाय ३ मिमीच्या पाइपाइतकाच ताठर असतो आणि वजन मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी भरते. वजनावर गुण ठरणाऱ्या स्पर्धेत हा फायदा मोठा.

हौशी कारसाठी हिशेब वेगळा आहे. फिआच्या साध्या मार्गात मिश्रधातूचे पोलाद बसत नाही. त्यासाठी प्रमाणित आराखडा लागतो. शिवाय क्रोमोलीचे वेल्डिंग अधिक काळजीचे असते. जोडाशेजारचा भाग झपाट्याने थंड झाला तर ठिसूळ होऊ शकतो. पहिल्या गाडीसाठी साधे कार्बन सीमलेस पुरेसे आहे.

बोल्टचा केज की वेल्डचा?

बोल्टने बसणारा केज काढता येतो, दुसऱ्या त्याच मॉडेलमध्ये नेता येतो आणि गाडी कमी कापावी लागते. वेल्ड केलेला केज बॉडीशी एकजीव होतो, गाडीचा सांगाडा अधिक ताठ करतो आणि पाइप छत व खांबांच्या अगदी जवळून नेता येतो. त्यामुळे डोक्याला जास्त जागा मिळते.

एखाद्या मोसमापुरते अजमावून पाहायचे असेल तर नियमात बसणारा बोल्टचा केज समजूतदारपणाचा. रॅलीसारख्या खडबडीत वापरासाठी, आणि गाडी कायमची शर्यतीचीच ठेवायची असेल तर, वेल्डचा. दोन्हींत समान अट म्हणजे गाडीची बॉडी निरोगी हवी. जमिनीचा पत्रा गंजलेला असेल तर उलटताना केजचा पाय पत्रा फोडून खाली उतरतो आणि केज शाबूत राहूनही छत खाली येते. जुनी गाडी निवडताना समुद्रकिनारी वर्षानुवर्षे वापरलेल्या गाडीपेक्षा कोरड्या हवेतली गाडी पाहावी आणि मॅटखालचा पत्रा टोकदार हत्याराने टोचून तपासावा.

कामात चुका कुठे होतात?

पहिली जागा बेंड. मेन हूप अखंड पाइपाचा आणि थंड अवस्थेतच वाकवलेला हवा. वाळू भरून, गॅसने तापवून पाइप वाकवण्याची जुनी पद्धत इथे चालत नाही. बेंडची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी. म्हणजे ४५ मिमी पाइपाला १३५ मिमी. बेंडवर पाइप चपटा झाला असेल तर लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीहून कमी नसावा. आतल्या बाजूला सुरकुती दिसली तर तो तुकडा बाद. म्हणून मँड्रेल असलेले सीएनसी पाइप बेंडिंग मशीन ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच हे काम द्यावे. वाहन उद्योगाच्या शहरात राहण्याचा खरा फायदा हाच.

दुसरी जागा जोड. पाइपाचे टोक दुसऱ्या पाइपावर नीट बसेल असे माशाच्या तोंडासारखे कापले पाहिजे. मोठी फट ठेवून ती वेल्डिंगने भरली तर जोड बाहेरून भरदार दिसतो, आतून पोकळ राहतो. जोड सर्व बाजूंनी, पूर्ण गोल हवा. छताला लागून असलेली वरची बाजू टॉर्च पोहोचत नाही म्हणून सोडून दिली जाते आणि नेमका तोच जोड गाडी उलटल्यावर पहिला भार घेतो. जाणकार कारागीर यासाठी सांगाडा आधी खाली उतरवून वरचे जोड पूर्ण करतात आणि मग तो उचलून पायांवर बसवतात. वेल्डिंग सीओटूचे असो की आर्गनचे, आधी त्याच पाइपाच्या दोन तुकड्यांचा नमुना जोडून, कापून आत पाहावे. जोड ग्राइंडरने घासून गुळगुळीत करू नये.

तिसरी जागा पाय. मेन आणि फ्रंट हूपच्या प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाड आणि १२० चौरस सेंटिमीटरची पोलादी प्लेट बॉडीला वेल्ड केलेली हवी. बोल्टच्या केजला प्रत्येक अशा पायाला किमान तीन बोल्ट, एम ८ आकाराचे आणि ८.८ ग्रेडचे. मागच्या तिरक्या आधारांनी उभ्या रेषेशी किमान ३० अंशांचा कोन करावा आणि ते सरळ असावेत. मागे आसनाची जागा वाचवण्यासाठी त्यांना वाक दिला, तर त्यांचा आधार म्हणून उपयोग उरत नाही.

केज असला की जीव वाचतोच का?

नाही. ८ जानेवारी २०२३ रोजी चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर सलून कार गटाच्या शर्यतीत ५९ वर्षांचे अनुभवी रेसर के. ई. कुमार यांचा मृत्यू झाला. दुसऱ्या कारशी संपर्क झाल्यावर त्यांची कार ट्रॅकबाहेर गेली, कुंपणाला धडकली आणि छतावर उलटली. राष्ट्रीय स्पर्धा, अनुभवी चालक आणि तपासलेली गाडी असतानाही धोका शून्य होत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

२००५ मध्ये वेल्स रॅलीत सहचालक मायकेल पार्क यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने कार झाडावर आदळली होती. छताइतकीच दरवाजाची बाजूही महत्त्वाची आहे. म्हणून वजन वाचवण्यासाठी दरवाजातले पाइप कमी करणे ही सर्वात वाईट काटकसर.

केज हा साखळीतला एक दुवा आहे. रेसिंगचे आसन, बहुबिंदू हार्नेस, हेल्मेट, मानेचा आधार आणि अग्निशामक यंत्र हे बाकीचे दुवे. हार्नेसच्या खांद्यावरच्या पट्ट्या मागे जाताना फार खाली झुकल्या तर धडकेत मणक्यावर दाब येतो. आडव्या रेषेपासून ४५ अंश ही कमाल मर्यादा, १० अंशांच्या आसपास उत्तम. त्यासाठी मेन हूपमध्ये योग्य उंचीवर आडवा पाइप लागतो आणि त्याची जागा चालकाला आसनावर बसवूनच ठरवावी. हेल्मेट लागू शकेल अशा पाइपांवर फिआ ८८५७-२००१ मानकाचे, आग न धरणारे पॅडिंग हवे. एसीच्या पाइपाला गुंडाळतात तो मऊ काळा फोम चालत नाही. तो बोटाने दाबला की दबतो आणि डोके थेट पोलादावर आदळते.

रोजच्या गाडीत केज बसवला तर?

बसवू नये. रस्त्यावर चालकाच्या डोक्यावर हेल्मेट नसते आणि साधा सीट बेल्ट शरीराला बराच पुढे व बाजूला सरकू देतो. किरकोळ धडकेतही डोके पाइपावर आदळू शकते. छताच्या कडेतल्या कर्टन एअरबॅगच्या वाटेतही पाइप येतो. म्हणजे उघड्या केजची गाडी शहरात मूळ गाडीपेक्षा जास्त धोकादायक ठरू शकते.

कायद्याचा प्रश्नही आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजीच्या निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२ अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा तर कलम १८९ खाली स्वतंत्र गुन्हा असून पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जालना रोड किंवा समृद्धी महामार्ग म्हणजे रेस ट्रॅक नव्हे. रेस कार ट्रेलरवरून नेण्याचा खर्च बजेटमध्ये पहिल्याच दिवशी धरावा.

मग पैसे वाचवायचे कुठे?

पहिला पर्याय, तयार रेस कार विकत घेणे. जुन्या मोसमातली, केज आणि कागदपत्रे असलेली गाडी बहुधा नव्याने बांधलेल्या गाडीपेक्षा स्वस्त पडते. फक्त तिचा अपघाताचा इतिहास, पाइपांतला वाक आणि जोडांजवळच्या भेगा तपासून घ्याव्यात. एकदा वाकलेला केज ठोकून सरळ करून वापरायचा नसतो.

दुसरा पर्याय, रंगरंगोटी, मोठी चाके, इंजिनची ताकद यांवरचा खर्च एक वर्ष पुढे ढकलणे. तिसरा, श्रमाचे साधे काम स्वतः करणे. गाडीचा आतला भाग उतरवणे, पत्र्यावरचे अंडरकोटिंग खरवडणे, वायरिंग बाजूला घेणे, मापे घेणे यात कारागिराचे अनेक दिवस जातात आणि मजुरी त्याचीच मोठी होते. हे काम मित्रांबरोबर दोन-तीन रविवारी होऊ शकते. बेंडिंग आणि वेल्डिंग मात्र ज्याचे त्यानेच करावे.

काम सुरू करण्यापूर्वी आराखडा, पाइपाची मापे आणि गाडीचे मॉडेल स्पर्धेच्या आयोजकांना किंवा तांत्रिक तपासनीसाला पाठवून लेखी उत्तर घ्यावे. काम चालू असताना प्रत्येक जोडाचे, प्लेटचे आणि पाइपावरच्या खुणांचे फोटो काढून ठेवावेत. तपासणीपूर्वी पुट्टी किंवा जाड रंग लावू नये. नंतर फिका रंग द्यावा, म्हणजे भेग पडली तर लगेच दिसते. आणि प्रत्येक शर्यतीनंतर गाडी धुण्याआधी टॉर्च घेऊन सगळे जोड व बोल्ट एकदा पाहावेत. या तपासणीला अर्धा तास लागतो आणि खर्च काहीच येत नाही.